रिपोर्ट ‘निल’ आला म्हणजे लगेच डोनर का?

प्रश्न एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: बायको ३१ वर्षांची, नवरा ३६ चा. नवऱ्याची वीर्यतपासणी दोनदा झाली आणि दोन्ही रिपोर्ट ‘निल’ आले, म्हणजे वीर्यात एकही शुक्रजंतू दिसला नाही. डॉक्टरांनी लगेच डोनर, म्हणजे दुसऱ्या पुरुषाचं वीर्य, सुचवला. सासूबाईंचं म्हणणं, बाहेरच्यापेक्षा धाकट्या दिराचं घ्या, रक्त तरी घरचं राहील. नवरा फक्त ‘तू म्हणशील तसं’ एवढंच बोलतो. मूल कायद्यानं आमचंच राहील का, दात्याची जात कळते का, आणि पुढे मुलाला हे सांगावं लागेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, डोनरचा नमुना वापरून दिवस राहणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. त्याच्या आधी एक अवघड काम आहे आणि नंतरही एक. आधीचं म्हणजे, डोनर खरंच लागतो का हे नक्की करणं. तिथेच सगळ्यात जास्त घाई होते, म्हणून सुरुवात तिथून करते.

वीर्यात शुक्रजंतू अजिबात नसणं दर शंभर पुरुषांतल्या साधारण एकात आढळतं. वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण दहा ते पंधरा टक्के असतं. म्हणजे तुमच्या घरावर काही जगावेगळं संकट आलेलं नाही. ‘निल’ म्हणजे पुरुषार्थ कमी, असंही नाही. वीर्याचा बहुतेक भाग प्रोस्टेट आणि वीर्यकोशातून येतो, शुक्रजंतूंचा वाटा त्यात जेमतेम दोन ते पाच टक्के. त्यामुळे संबंध व्यवस्थित असतात, वीर्य नेहमीसारखं दिसतं आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत कोणाला शंकाही येत नाही.

ते दोन्ही रिपोर्ट पुन्हा काढून बघा. नमुना सेंट्रिफ्यूज करून खालचा गाळ तपासला होता का? गाळात चार-दोन शुक्रजंतू सापडले तरी इक्सीला, म्हणजे स्त्रीबीजात एकेक शुक्रजंतू सुईनं सोडायच्या पद्धतीला, तेवढे पुरू शकतात. दोन तपासण्यांत किती अंतर होतं? शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. नवऱ्याला मधल्या काळात टायफॉइड किंवा डेंग्यूसारखा जोराचा ताप येऊन गेला असेल, तर पाठोपाठ दिलेले दोन नमुने एकच गोष्ट दोनदा सांगतात. वीर्याचं प्रमाण किती लिहिलंय तेही बघा. ते दीड मिलीपेक्षा कमी असेल, पीएच आम्लाकडे झुकलेला असेल आणि फ्रुक्टोज ‘निगेटिव्ह’ असेल, तर कारखाना चालू असून रस्ता बंद असण्याची शक्यता मोठी. काही पुरुषांत शुक्रवाहिनी जन्मतःच नसते. काहींना क्षयरोगामुळे किंवा लहानपणीच्या हर्नियाच्या ऑपरेशनमुळे अडथळा आलेला असतो. अशांच्या वृषणातून सुईनं शुक्रजंतू काढता येतात आणि मूल त्यांचंच होतं. मात्र शुक्रवाहिनी जन्मतः नसेल, तर दोघांचीही सीएफटीआर जनुकाची तपासणी आधी करायची, कारण तोच दोष बायकोतही असला तर मुलाला फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो.

मधुमेही पुरुषांत कधी कधी वीर्य उलट मूत्राशयात जातं. ते लघवी तपासली की कळतं.

मग तुमच्या नवऱ्याला मूत्रविकारतज्ज्ञांनी किंवा अँड्रॉलॉजिस्टनी प्रत्यक्ष हात लावून तपासलंय का? हे विचारायचं कारण आहे. बायकोची सोनोग्राफी, एचएसजी (नळ्यांचा एक्स-रे), दुर्बीण असं सगळं होऊन जातं आणि नवऱ्याला मात्र कोणी तपासणीच्या टेबलावर झोपवलेलंही नसतं. वृषणांचा आकार, ते जागेवर आहेत का, एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन या रक्ततपासण्या, गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्रावरचे एझेडएफचे तुकडे जागेवर आहेत का, एवढं झाल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही. एझेडएफ ‘ए’ किंवा ‘बी’ हा भाग पूर्ण गळालेला असेल, तर वृषणात शोधूनही काही सापडत नाही. मग ऑपरेशनचा खर्च आणि त्रास दोन्ही टळतात. ‘सी’ गळालेला असेल तर बऱ्याच जणांत सापडतात. क्लाइनफेल्टर असेल, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्त असेल, तरीही मायक्रो-टेसे या सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेत साधारण चाळीस ते पन्नास टक्के पुरुषांत शुक्रजंतू मिळतात.

औषधानं बरा होणाराही एक गट आहे. मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून संदेशच येत नसेल, तर एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं काही महिने दिल्यावर शून्यावरून शुक्रजंतू येऊ लागतात. आणि हल्ली वाढलेला प्रकार म्हणजे जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. दंड फुगतात आणि शुक्रजंतू बंद पडतात. नवरा हे बायकोसमोर सांगत नाही, म्हणून मी नवऱ्याशी दहा मिनिटं एकटं बोलतेच. इंजेक्शनं थांबवली की बहुतेकांत ते परत येतात, पण सहा महिने, वर्ष किंवा त्याहून जास्त वेळ लागतो.

या सगळ्या तपासण्या मी मागते त्याचं अजून एक कारण आहे. डोनर हा तुमच्या नवऱ्यावरचा उपचार नव्हे. तुम्हाला दिवस राहतील, पण त्यांच्यात जे काही बिघडलेलं आहे ते तसंच राहील. टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर पुढे हाडं ठिसूळ होतात, मधुमेहाचा धोका वाढतो. वृषणात गाठ असू शकते. शुक्रजंतू नसलेल्या पुरुषांत कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त दिसतो. डोनर ठरला की नवऱ्याची फाईल बंद होते. ती बंद होऊ देऊ नका.

समजा, सगळं झालं आणि उत्तर खरोखर नकारार्थी आलं. किंवा मायक्रो-टेसे आणि इक्सीचा खर्च झेपणार नाही. आपल्याकडे खासगी रुग्णालयात आयव्हीएफच्या एका खेपेला साधारण दीड ते अडीच लाख जातात, शस्त्रक्रिया वेगळी. पैसे नसणं हेही खरं कारण आहे, त्यासाठी कोणी तुम्हाला कमी लेखू नये. अशा वेळी डोनर हा सरळ, चांगला मार्ग आहे.

एक काळजी मात्र घ्या. मायक्रो-टेसे करायचं ठरलं, तर ‘काही सापडलं नाही तर काय’ याचा निर्णय आधीच घरी बसून करा. तुमची स्त्रीबीजं काढून झालेली, नवरा गुंगीत आणि बाहेर तुमच्या भावाला विचारलं जातंय की ‘डोनर लावू का?’ असा प्रसंग कोणावर येऊ नये. ठरलेलं नसेल तर स्त्रीबीजं गोठवून ठेवा म्हणून सांगा. ती थांबू शकतात.

आता ‘तू म्हणशील तसं’ या वाक्याकडे येते. मला त्याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ज्या पुरुषाला नुकतंच कळलंय की आपलं स्वतःचं मूल होणार नाही, त्याच्या घरात एक प्रकारचं सुतक असतं, फक्त ते कोणाला दिसत नाही. त्याला वाटतं, दोष माझा, मग नाही म्हणायचा हक्क मला कुठे? म्हणून तो सही करतो. कायद्याला ती सही पुरते, मला पुरत नाही. निदान झाल्यानंतर पहिले दोन-तीन महिने मी डोनरचं काही सुरू करत नाही. तुम्ही ३१ च्या आहात, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) ठीक असेल तर या थांबण्यानं काही बिघडत नाही. ३८-३९ च्या बाईला मी इतकं थांबवणार नाही, हेही खरं. समुपदेशकाकडे नवरा एकटा जाऊन येऊ दे. रडू दे, चिडू दे, ‘मला दत्तक हवं’ किंवा ‘आपण दोघंच राहू’ असंही म्हणू दे. त्यातून फिरून तो स्वतः डोनरवर आला, तर पुढे बारशाला तो पाळण्याजवळ उभा राहतो. ढकलून आणलेला नवरा मूल झाल्यावर अंतर ठेवून वागतो, आणि भांडणात एक दिवस ते वाक्य तोंडातून निघतं जे परत घेता येत नाही.

दिराच्या नमुन्याबद्दल. सासूबाईंच्या मनात काय आहे ते समजतं. नियोगाच्या कथेत सत्यवतीनंही हाच विचार केला होता. पण आज हे कायद्यात बसत नाही. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ चा, तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार क्लिनिकनं दात्याचा नमुना नोंदणीकृत बँकेकडूनच घ्यायचा असतो आणि दाता व जोडपं एकमेकांना अनोळखी राहतात. त्याआधी २००५ मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही नातेवाईक किंवा ओळखीच्या माणसाचं वीर्य चालणार नाही असंच होतं. ‘तुमच्यासाठी करून देतो’ असं कोणी म्हणालं, तर ते क्लिनिक सोडा.

कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. उद्या दिराचं लग्न होईल. जाऊबाईंना हे सांगायचं की लपवायचं? दिराला स्वतःला मूल झालं नाही तर? जमिनीच्या वाटणीच्या वेळी कोणी बोललं तर? आणि दर दिवाळीला तो मुलाकडे काका म्हणून बघतोय की आणखी काही म्हणून, हे तुमच्या नवऱ्यानं आयुष्यभर न्याहाळत बसायचं?

बँकेतून येणाऱ्या नमुन्याबद्दल माहिती असावी. दाता २१ ते ५५ वयाचा असतो. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या सक्तीच्या आहेत. नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवतात, सहा महिने बाजूला ठेवतात आणि दात्याची पुन्हा रक्ततपासणी स्वच्छ आली तरच वापरायला देतात. एचआयव्हीची लागण झाल्यावर सुरुवातीला काही काळ तपासणीत ती दिसत नाही, म्हणून ही खबरदारी. एके काळी मेडिकलच्या विद्यार्थ्याचा ताजा नमुना वाटीत आणून वापरत. ते दिवस गेले ते बरंच झालं. नवऱ्याचा आणि डोनरचा नमुना ‘मिसळून’ द्या, म्हणजे कोणाचं ते कळणार नाही, असंही काही जोडपी सुचवतात. त्यातून वैद्यकीय फायदा काहीच नाही, आणि नमुना ‘निल’ असताना तो फक्त मनाला घातलेला पडदा असतो.

आताच्या कायद्यात एका दात्याचा नमुना एकाच जोडप्याला देता येतो. पूर्वी एका दात्याची मुलं किती घरांत आहेत याचा हिशेब कोणाकडे नव्हता, त्यामुळे सावत्र भावंडांचं नकळत लग्न होईल ही भीती लोक बोलून दाखवत. ती आता बरीच कमी झाली. पण दाते कमी पडू लागले, नमुने महागले आणि वाट बघावी लागते. याचा तुमच्यासाठी एक व्यावहारिक अर्थ आहे: दुसरं मूल हवं असेल तर त्याच दात्याच्या जादा कुप्या आत्ताच राखून ठेवायला सांगा. साठवण्याची कायदेशीर मर्यादा दहा वर्षं आहे.

दात्याची माहिती म्हणून रक्तगट, उंची, बांधा, वर्ण, केस, डोळे, शिक्षण, व्यवसाय एवढं सांगितलं जातं. नाव आणि पत्ता नाही. जातीबद्दल बहुतेक जण आवाज उतरवून विचारतात, तुम्ही सरळ विचारलंत. जात शुक्रजंतूत नसते, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतात. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल किती घरांत आहे ते तिथले डॉक्टर जाणतात. तुम्ही स्वतः यांच्या वाहक आहात का हे एचबी इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीनं बघून घ्या. असाल, तर दाता वाहक नसलेलाच पाहिजे. तेवढा आग्रह जरूर धरा. रक्तगटही जुळवून घ्या, आरएच धरून. आईवडील दोघं ‘ओ’ आणि मूल ‘बी’ असलं, तर दहावीच्या जीवशास्त्राच्या तासाला सगळं बाहेर येतं.

प्रत्यक्ष उपचाराला फार वेळ लागत नाही. तुमच्या नळ्या उघड्या असतील तर आधी आययूआय, म्हणजे नमुना थेट गर्भाशयात सोडणं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, पाच दिवस गोळ्या, मग फॉलिकलवर, म्हणजे स्त्रीबीजाच्या पिशवीवर, नजर, ते अठरा ते वीस मिलिमीटरचं झालं की इंजेक्शन, आणि साधारण छत्तीस तासांनी बारीक नळीनं नमुना गर्भाशयात. दहा मिनिटं पडून राहा आणि घरी जा, कामाला गेलात तरी चालेल. तुमच्या वयाला दर खेपेला दिवस राहण्याची शक्यता साधारण दहा ते वीस टक्के असते, म्हणून पहिल्याच महिन्यात आशा सोडू नका. चार ते सहा खेपा होऊनही काही झालं नाही तर आयव्हीएफचा विचार करायचा. नमुना वितळवल्यावर किती शुक्रजंतू हलत होते, तो आकडा दर वेळी मागून घ्या. आधी रुबेलाची लस झालेली असावी आणि फॉलिक अॅसिड सुरू असावं. दिवस राहिल्यावर प्रसूतीच्या डॉक्टरांना मात्र खरं सांगा, मग कितीही गुप्तता पाळायची असली तरी. दात्याच्या वीर्यातून राहिलेल्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो आणि त्यांना तो डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

कायद्याचं उत्तर छोटं आहे. मूल तुमचं दोघांचंच. २०२१ च्या कायद्यानुसार ते जोडप्याचं जैविक मूल मानलं जातं, वारसा हक्कासकट, आणि दात्याला कुठलाही हक्क उरत नाही. जन्मदाखल्यावर वडील म्हणून तुमच्या नवऱ्याचंच नाव लागतं. तुमची माहिती गोपनीय असते. ती राष्ट्रीय नोंदवहीत जाते, आणि त्यापलीकडे तुमच्याच विनंतीवरून तातडीच्या वैद्यकीय कारणासाठी किंवा न्यायालयाच्या आदेशानंच उघड होते. दोघांची लेखी संमती घेतल्याशिवाय काही सुरू होत नाही. तिची प्रत मागा आणि क्लिनिकचा नोंदणी क्रमांक त्यावर आहे का ते बघा.

राहिला मुलाला सांगण्याचा प्रश्न.

या उपचाराचा पहिला ज्ञात प्रसंगच लपवाछपवीचा आहे. १८८४ मध्ये फिलाडेल्फियात डॉ. विल्यम पँकोस्ट यांनी एका बाईला गुंगी देऊन एका विद्यार्थ्याचं वीर्य वापरलं. नवऱ्याला नंतर सांगितलं, तिला कधीच नाही. हे छापून आलं १९०९ मध्ये. तिथून पुढे जवळजवळ शंभर वर्षं डॉक्टर जोडप्यांना हेच सांगत आले की घरी जा आणि विसरून जा. स्वीडननं १९८५ मध्ये कायदा करून मुलाला मोठेपणी दाता कोण हे जाणून घ्यायचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर नोंदलेल्या दात्यांची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मिळते. आपल्या कायद्यात असा हक्क नाही. तुमच्यापैकी कोणी तिकडे राहून उपचार घेत असेल तर हा फरक लक्षात ठेवावा.

केंब्रिजच्या सुसान गोलोम्बोक यांच्या गटानं अशा कुटुंबांचा वीस वर्षं मागोवा घेतला. मुलं मानसिकदृष्ट्या इतरांसारखीच निघाली, आणि ज्यांना सात वर्षांच्या आत सांगितलं होतं त्यांचं आईशी नातं जास्त मोकळं होतं. मला हे पटतं. पण ती कुटुंबं ब्रिटनची. आपल्याकडे चार वर्षांच्या मुलाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळतं, आणि मग पोराला शाळेत काय ऐकावं लागेल याचा विचार आईबापांना करावाच लागतो. म्हणून ‘सांगाच’ असा आदेश मी देत नाही.

एक मात्र ठामपणे सांगते. सगळ्यात वाईट स्थिती म्हणजे सासूबाईंना माहीत, मावशीला माहीत, नणंदेला अर्धवट माहीत आणि मुलाला काहीच नाही. असं गुपित कधीतरी भांडणात किंवा तेराव्याच्या पंगतीत फुटतं, आणि मुलाला ते परक्याच्या तोंडून कळतं. दात्यापेक्षा आईबाप खोटं बोलले याची जखम मोठी असते. हल्ली घरबसल्या थुंकीतून डीएनए तपासून घेणारे संच मिळतात. तुमचं मूल पंचवीस वर्षांचं होईल तेव्हा ते आणखी स्वस्त झालेले असतील. म्हणून आधी दोघांनी ठरवा की मुलाला सांगायचं की नाही. सांगायचं असेल तर लवकर, साध्या भाषेत, थोडं थोडं: ‘बाबांच्या शरीरात बाळाचं बीज तयार होत नव्हतं, म्हणून एका चांगल्या माणसानं मदत केली.’ मूल जसं मोठं होईल तसे त्याचे प्रश्नही मोठे होतात, तेव्हा पुढचं सांगा. सांगायचं नसेल, तर इतर कोणालाही सांगू नका. सख्ख्या बहिणीलाही नाही.

सासूबाईंनी दिराचं नाव काढलं म्हणजे रिपोर्ट ‘निल’ आहे हे त्यांना कळलेलं आहे. ते आता परत घेता येणार नाही. पण पुढचं अजून तुमच्या हातात आहे. नवऱ्याच्या तपासण्या बाकी आहेत, हे तर खरंच आहे. त्यांना तेवढंच सांगा, आणि ते नवऱ्यानं सांगावं: ‘आई, माझ्या तपासण्या चालू आहेत, डॉक्टरांनी धीर दिलाय, धाकट्याचा विषय कायद्यात बसत नाही.’ शेवटचं वाक्य माझ्या नावावर खपवलंत तरी चालेल. पुढच्या वेळी येताना दोन्ही जुने रिपोर्ट, नवऱ्याच्या लहानपणीच्या ऑपरेशनची किंवा गालगुंडाची काही माहिती असेल ती, आणि तो घेत असलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, प्रोटीन पावडरसकट, घेऊन या.